आईचे बारा टक्के

हे खरं घडलेलं आहे. निव्वळ करमणूक हवी असेल त्यांनी इथेच थांबलं तरी मला वाईट वाटणार नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं, लख्ख उजेडात, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत असताना. तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाड्याच्या घरात, मागच्या खोलीत. त्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि टेबलाखाली आईचा कम्प्युटर. एवढंच.

आई जाऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते.

माझी आई नकाशे जोडायची. आधी एका नकाशांच्या कचेरीत मशीनरूम सांभाळायची, निवृत्त झाल्यावर घरून काम घ्यायला लागली. जुन्या नकाशांचे फाटके तुकडे स्कॅन होऊन तिच्याकडे यायचे. ते ती कम्प्युटरवर असे जोडायची की सांधा शोधूनही सापडू नये. कम्प्युटर तासन्‌तास त्यावर राबायचा, त्याचा पंखा घरघरायचा आणि आई शेजारी बसून पाय हलवत राहायची.

तो कम्प्युटर ती कधीच बंद करत नसे. त्या धंद्यातल्या लोकांना त्याचा अभिमान असतो. तिचे एक जुने सहकारी होते, सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, कारण खिशात पेन नसेल पण स्क्रू-ड्रायव्हर असायचाच. ते दोघं फोनवर एकमेकांना विचारायचे, "काय, तुमचं कधीपासून चालू आहे?" शेजारपाजारच्या बायका नातवंडांची वजनं सांगतात ना, अगदी त्या सुरात.

आई हॉस्पिटलमध्ये भरती झाली तेव्हा तिने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. रोज दुपारी घरी जायचं आणि मशीन बघून यायचं.

मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. अक्षरांशी माझं जमतं. यंत्रांशी नाही.

"काही कठीण नाही," ती फोनवर म्हणाली. "पडद्यावरच्या काळ्या खिडकीत मी सांगते तो शब्द टाइप कर. ओळी यायला लागतील. प्रोसेसरचा किती वेळ माणसाच्या कामात गेला, किती मशीनच्या स्वतःच्या कामात, किती रिकामा गेला, ते दिसेल. शंभरातले वाटे आहेत, बाकी काही नाही. वाच."

मी वाचलं. "माणसाचं काम बारा. मशीनचं एक. रिकामा सत्त्याऐंशी." आणि मी दचकले. "आई, तू तिकडे. मग इथे काम कोण करतंय?"

ती हसली. नाकात नळी असताना माणूस हसतो तशी, जपून.

"पहिली ओळ वाचलीस ना? सगळे नवशिके तीच वाचतात आणि आग लागल्यासारखे धावत सुटतात. अगं, ती आत्ताची नसते. मशीन सुरू झाल्यापासून आजपर्यंतची सरासरी असते ती. आत्ताचं बघायचं तर पहिली ओळ सोडून द्यायची."

दुसरी ओळ वाचली. माणसाचं काम शून्य. तिसरी, शून्य. चौथी, शून्य.

"मग ते बारा काय?"

"ते बारा म्हणजे मी," आई म्हणाली. "आता बघ, रोज उतरतील. मी इथे लोळतेय म्हटल्यावर रोजचा रिकामा दिवस म्हणजे दुधात पाणी."

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीत बाराच्या जागी अकरा पूर्णांक काहीतरी. मग त्याहून थोडं कमी. मी रोज वाचून दाखवायचे आणि ती म्हणायची, "अगं बाई, पाणीच विकायला बसलेय मी." शेवटच्या आठवड्यात ती काही म्हणत नव्हती. तिला नळीऐवजी श्वासाचं यंत्र लावलं होतं. तरी मी तिच्या कानाशी आकडा सांगत राहिले. आकडा उतरत राहिला.

मग ती गेली.

दोन दिवसांनी दुपारी माझे पाय आपोआप त्या घराकडे वळले. कुणी वाट पाहत नव्हतं. आकडा सांगायला कुणी नव्हतं. तरी मी खुर्चीत बसले आणि तो शब्द टाइप केला.

पहिली ओळ आली...

आकडा वर गेला होता.

थोडासाच. मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. शब्दांवर शब्द वाचणारी माणसं आकड्यांना फसतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आणखी वर.

आठवडाभरात तो परत बारावर आला... आणि तिथेच थांबला.

मला यंत्रातलं कळत नसलं तरी दुधातलं पाणी कळतं. त्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. खोलीत कुणी येत नव्हतं. प्रत्येक रिकाम्या दिवसाने सरासरी उतरायलाच हवी होती. ती जागच्या जागी राहायची तर कुणीतरी रोज काम करायला हवं, आई करायची तेवढंच. ना कमी, ना जास्त.

आई हॉस्पिटलमध्ये जिवंत होती तेव्हा आकडा उतरत होता.

ती गेली आणि उतरायचा थांबला.

मी मिस्त्रीकाकांना फोन केला.

ते आले ते पिशवीभर अवजारं घेऊन. दारात चपला काढताना क्षणभर तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तिच्या खुर्चीत बसू ना? नाहीतर ओरडायची."

त्यांनी चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी काढली. सगळे झोपलेले. कोण कोण आत आहे ते पाहिलं. फक्त आईचं नाव, तिने शेवटचं काम सोडून ठेवलेलं, तसंच. "बाहेरून कुणी घुसलंय," ते म्हणाले. "फुकटात दुसऱ्याचं मशीन राबवणारे चोर असतात." त्यांनी इंटरनेटची वायर उपटून माझ्या हातात दिली. "घे, चोराची शेपूट. आता बघू."

तीन-चार दिवसांनी ते परत आले. वायर अजून माझ्याकडेच होती.

पहिली ओळ... बारा.

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग स्क्रू-ड्रायव्हर काढला, हातात फिरवला, परत खिशात ठेवला.

"काका?"

"आकडे खोटं बोलत नाहीत गं," ते म्हणाले. "माणसं ते चुकीचे वाचतात."

"मग मी चुकीचे वाचतेय?"

"मीही वाचतोयच की."

जाताना ते म्हणाले, "चहा कर जरा, घसा कोरडा पडलाय." मी स्वयंपाकघरात गेले. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मागची खोली रिकामी झाली.

पाणी उकळायला लागलं आणि तेवढ्यात...

पंख्याचा आवाज.

आधी बारीक. मग चढत गेला. नकाशाचा मोठा तुकडा घेतल्यावर चढायचा तसाच. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. दाराआडून तो ऐकू आला की आईशी बोलायचं नाही, हे आम्हा दोघा भावंडांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मी गॅस बंद केला. काका गॅलरीतून आत आले होते. आम्ही दोघंही त्या दाराकडे गेलो.

उंबऱ्यावर पाय ठेवला... आणि पंखा शांत झाला.

काळ्या खिडकीत ओळी पडतच होत्या. आत्ताची ओळ, माणसाचं काम शून्य. काकांनी वर सरकवून मागच्या ओळी पाहिल्या. आम्ही खोलीत होतो तोवर सगळी शून्यं. आम्ही बाहेर गेल्यावर... नव्वद. पंच्याण्णव. नव्वद. आणि आम्ही परत आलो त्या ओळीपाशी पुन्हा शून्य.

"पाठीमागे उभं राहिलेलं तिला चालत नसे," काका हळूच म्हणाले. "म्हणायची, कुणी मानेवर श्वास सोडत असलं की मला काम सुचत नाही."

मला भीती वाटली नाही. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण भीती नंतर आली आणि वेगळ्याच गोष्टीची आली. त्या दुपारी मला फक्त एवढं वाटलं की ती घरी आहे. आणि मी खोलीत गेले की थांबते.

त्यानंतर मी रोज दुपारी तिथे जाऊन स्वयंपाकघरात बसायला लागले. छपाईची मुद्रितं तिथेच तपासायची. मधे एक भिंत. पलीकडे पंखा चढायचा, उतरायचा. मी आत जात नसे. भिंतीला पाठ लावून बसत असे.

इतकी एकटी मी कधी नव्हते आणि इतकी सोबतीत पण.

मग महिनाअखेर आली. घरमालकांना जागा परत हवी होती. सगळी इमारतच जुनी, आतली वायरिंग उपसून नवी घालायची होती. वायरमनने दिवस सांगितला. त्या दिवशी वीज जाणार, आणि त्या खोलीत परत कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

दादाला फोन केला. तो दूर असतो.

"मग काय झालं? बंद कर आणि घेऊन ये," तो म्हणाला.

"बंद केला की मोजणी पुसली जाते रे. पुन्हा शून्यापासून सुरू होते. आईचे बारा टक्के त्यात आहेत."

"अगं, काय बोलतेयस? कम्प्युटर आहे तो. व्हेंटिलेटर नाही."

तो बोलून गेला. आईचं यंत्र बंद करायच्या कागदावर सही त्यानेच केली होती.

"सॉरी," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "खरंच तेवढेच आहेत?"

"तेवढेच."

"मग नको करूस बंद," दादा म्हणाला.

बंद न करता न्यायचा मार्ग मिस्त्रीकाकांनी काढला. आईच्या कम्प्युटरला यूपीएस होता, म्हणजे वीज गेली तरी थोडा वेळ तग धरणारी बॅटरी. "यूपीएससकट उचलायचा," ते म्हणाले. "जिवंतच न्यायचा. कचेरी बदलली तेव्हा तुझ्या आईने आणि मी एक मशीन असंच नेलं होतं. साहेबांना वाटलं आम्हाला वेड लागलंय. लागलंच होतं."

भिंतीतला प्लग काढला. यूपीएस ओरडायला लागला. टीं... टीं... टीं... मी कम्प्युटर पोटाशी धरला, काकांनी बॅटरी, मधे वीतभर वायर. तीन मजले असे उतरलो की शेजारची बाई दार उघडून म्हणाली, "अहो, बाळ रडतंय का कुणाचं?"

"बाळच आहे," काका धापा टाकत म्हणाले. "उपाशी आहे. सरा बाजूला."

गाडीत मागच्या सीटवर तो माझ्या मांडीवर होता. कोमट. ओरडणं एकसारखं होत गेलं, म्हणजे बॅटरी संपत आली. माझ्या घराचं दार, दिवाणखाना, प्लग... आणि ओरडणं थांबलं.

कम्प्युटर चालूच होता.

मी शब्द टाइप केला. पहिली ओळ. बारा. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, धूळ फार आहे तुझ्याकडे.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीच नसती.

कम्प्युटर मी माझ्या घरातल्या आतल्या खोलीत ठेवला. आईचं टेबल आणि खुर्चीही आणली. दार ओढून घेतलं आणि बाहेर काम करत बसले. एक दुपार. दुसरी दुपार. कान दाराकडे.

पंखा चढला नाही.

मी बाहेर फिरून आले. कुलूप लावून गेले. परत येऊन ओळी पाहिल्या. शून्य. शून्य. शून्य.

आणि पहिल्या ओळीत... अकरा पूर्णांक काहीतरी.

आकडा पुन्हा उतरायला लागला होता.

काकांना सांगितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "असंच व्हायला हवं. मशीन रिकामं आहे." ते हे समजूत घालायला म्हणाले. पण फोन ठेवल्यावर मला ती भीती वाटली.

मशीन बरोबर होतं. चुकलो होतो आम्ही. आम्ही इतकी शर्थ करून मोजणी वाचवली, आणि मोजणी जिची होती तिला तिथेच ठेवून आलो. त्या खोलीत. टेबल नाही, खुर्ची नाही, काम नाही. आणि मीच हे सगळं उचलून नेलेलं तिने पाहिलं असणार.

माझ्या या घरी आई कधीच आली नव्हती. "एवढा नकाशा झाला की येते," असं म्हणत राहिली. खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जगाचे नकाशे जोडणारी ही बाई स्वतः दोन वळणं गेली की रस्ता चुकायची. एकदा निघालीही होती. कुठल्यातरी चौकातून फोन केला, "इथे एक औषधांचं दुकान आहे," आणि तिथूनच रिक्षा करून परत गेली. औषधांची दुकानं कुठे नसतात?

मी त्या जुन्या घरी गेले. दारं उघडीच होती. भिंतींमधून वायरी उपसलेल्या, जिथे तिथे प्लॅस्टरचा चुरा. वायरमन जिन्यात वायरचं भेंडोळं सोडवत होता.

"काही राहिलंय का, ताई?"

"हो," मी म्हणाले.

मागची खोली पूर्वी होती त्यापेक्षा लहान वाटली. जमिनीवर टेबलाच्या चार पायांचे चार डाग. मी मधोमध उभी राहिले. कान देऊन ऐकलं.

काहीच नव्हतं. पंखा नाही. श्वास नाही. भास म्हणावा असंसुद्धा काही नाही.

मला रडायला येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी मी पत्ता सांगायला लागले. मोठ्याने.

"आई, खाली उतरलीस की डावीकडे. सिग्नलपर्यंत सरळ ये. मग पूल लागेल, पुलावरून नाही यायचं, पुलाखालून. शाळेची लांब भिंत आहे, ती संपेपर्यंत चाल. औषधांचं दुकान दिसलं तर ते ते नव्हे, पुढे ये. कोपऱ्यावर चपला शिवणारा बसतो. तिथे वळ. दुसरा मजला. बेल बिघडलीये, दार वाजव."

मी सगळं दोनदा सांगितलं. तिला कुठलाही पत्ता दोनदा सांगावा लागायचा.

मागे वळले तर वायरमन दारात उभा होता. हातातली पक्कड तशीच.

"कुणाशी बोलताय, ताई?"

"आईशी."

त्याने खोलीत नजर फिरवली. मग दारातून जरा बाजूला झाला. मला जायला वाट दिली... आणि मी गेल्यावरही थोडा वेळ तसाच बाजूला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी शब्द टाइप केला. पहिली ओळ आणखी उतरलेली. खालच्या ओळींत माणसाचं काम शून्य. मी खिडकी बंद करणार होते.

तेवढ्यात दिसलं.

उजवीकडे आणखी एक रकाना आहे. तो मी कधी वाचलाच नव्हता, कारण तिथे कायम शून्य असायचं. आज तिथे शून्य नव्हतं... दोन. मग चार. मग पुन्हा दोन.

मी काकांना फोनवर वाचून दाखवलं.

"ते वाट पाहणं आहे," ते म्हणाले. "प्रोसेसरने काहीतरी मागवलंय. ते अजून पोचलेलं नाही. म्हणून तो हात बांधून उभा आहे."

"म्हणजे रिकामाच ना?"

"नाही गं. रिकाम्याकडे कुणी यायचं नसतं. ह्याच्याकडे यायचं असतं." मग घाईघाईने म्हणाले, "डिस्क जुनी झाली असेल. डिस्क उशीर करते तेव्हा हा आकडा चढतो. बदलून टाकू. तेवढ्यासाठी बंद करावा लागेल मात्र."

मी बंद केलेला नाही.

या गोष्टीला आता बरेच आठवडे झाले. आईचे बारा टक्के आता आठाच्याही खाली आलेत, आणि ते उतरताना पाहायची मला सवय झालीये. तो दुसरा आकडा मात्र रोज चढतोय. काल दुपारी साठाच्या पुढे गेला. जवळ आल्यासारखा.

काका म्हणतात, डिस्क. दादा म्हणतो, काही दिवस माझ्याकडे राहायला ये. मी दोघांनाही हो म्हणते आणि दुपारी घराबाहेर पडत नाही. जिन्यात पावलं वाजली की हातातली पेन्सिल थांबते. पावलं वरच्या मजल्यावर जातात.

एकदाच मी काकांना विचारलं, कुणाची वाट पाहिली जातेय ते कळतं का कुठे?

त्यांनी आधी डिस्कचंच सांगितलं.

मग म्हणाले, तो आकडा फक्त किती वाट पाहिली तेवढं सांगतो. कोण येतंय, ते सांगत नाही.